गुडघ्याची किंमत

माणसाचा गुडघा ही बाजारात भाव ठरावा अशी वस्तू आहे, असे मला चार वर्षांपूर्वी कोणी सांगितले असते तर मी ते हसण्यावारी नेले असते. तीस वर्षे मी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवीत आलो आहे. मूल्य आणि किंमत यांतला भेद मी दर जूनमध्ये नव्या विद्यार्थ्यांना पाण्याचे आणि हिऱ्याचे तेच जुने उदाहरण देऊन समजावतो, आणि तो त्यांना समजलेला नाही हे दर मार्चमध्ये उत्तरपत्रिकांवरून मला समजते. परंतु खुद्द मला तो नीट कळला तो 2023 च्या ऑगस्टात, न्यू जर्सीतल्या एडिसन गावी, आमच्या चिरंजिवांच्या दिवाणखान्यात. आणि तोही एका अनोळखी तरुणाच्या गुडघ्यावरून!

अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात त्या खेळात चेंडूला पाय लागतो तो अपवादानेच. चेंडू काखोटीला मारून पळायचे आणि समोरच्यांनी पळणाऱ्याला जमिनीवर लोळवायचे, असा तो एकंदर प्रकार. पण चिरंजीव आणि त्यांचे कचेरीतले मित्र हा खेळ खेळत नाहीत. ते त्या खेळाचे मनोराज्य खेळतात. बारा जण एकत्र बसून देशातल्या सगळ्या संघांतले खेळाडू आपसांत वाटून घेतात. खराखुरा खेळाडू रविवारी मैदानावर दहा यार्ड धावला की त्याच्या या कागदी धन्याच्या खात्यावर एक गुण जमा होतो. त्याने शेवटची रेषा ओलांडून टचडाउन केला की सहा. या उद्योगाचा आरंभ 1962 साली ओकलंडच्या संघाचे एक भागीदार बिल विंकेनबाख यांनी काही सोबत्यांसह केला असे सांगतात. त्यांना स्वतःचा खराखुरा संघ असताना आणखी एका काल्पनिक संघाची हौस का वाटावी, हे कोडे मला अजून सुटलेले नाही.

वाटणी फेऱ्यांनी होते. पहिल्या फेरीत जो शेवटी निवडतो तो दुसऱ्या फेरीत पहिला. खेळाडू कितव्या फेरीत उचलला गेला, ती त्याची किंमत. पुढे हंगामभर त्याने मिळवलेले गुण हे त्याचे मूल्य. बारा जणांनी प्रत्येकी पन्नास डॉलर काढून ठेवलेले असतात. पाठ्यपुस्तकातला बाजार इतक्या शुद्ध स्वरूपात मी अन्यत्र पाहिलेला नाही. अर्थशास्त्राचा प्राध्यापक घरीच आहे असे पाहून चिरंजिवांनी मला सल्लागार नेमले, आणि मीही भलतीच प्रौढी मिरवीत ते पद स्वीकारले.

पहिलाच प्रश्न गुडघ्याचा आला. न्यूयॉर्क जेट्स हा संघ नावाने न्यूयॉर्कचा असला तरी खेळतो न्यू जर्सीतच, आमच्या एडिसनपासून थोड्याच अंतरावर. त्याचा तरुण धावक ब्रीस हॉल 23 ऑक्टोबर 2022 रोजी डेन्व्हर येथे खेळत होता. त्या सामन्यात तो 62 यार्ड धावून टचडाउन करून बसला, आणि थोड्याच वेळात त्याच्या गुडघ्यातला अस्थिबंध तुटला. म्हणजे अगदी ऐन बहरात. आता दहा महिन्यांनी तो परत येत होता. घ्यावा की न घ्यावा?

चिरंजिवांना भीती होती, आणि ती अनुभवाची होती. त्याच मैदानावर खेळणाऱ्या दुसऱ्या संघातल्या सॅक्वॉन बार्कलीचा अस्थिबंध सप्टेंबर 2020 मध्ये तुटला होता. पुढच्या वर्षी हे महाशय त्याला मोठ्या विश्वासाने अगदी वरच्या फेरीत घेऊन बसले. बार्कली परतला खरा, पण 13 सामन्यांत मिळून धावला केवळ 593 यार्ड. चिरंजीव शेवटून दुसरे आले.

मी चार दिवस या विषयाचा अभ्यास केला. मांडीचे हाड आणि नडगी यांना गुडघ्याच्या आत तिरपा बांधून ठेवणारा हा अस्थिबंध पळत्या पायाची दिशा एकदम बदलताना खरा कामी येतो. तो पुरता तुटला की आपण होऊन पूर्ववत जुळत नाही. मग वाटीखालची किंवा मांडीमागची कंडरा काढून, हाडांना भोके पाडून, ती तिथे बसवावी लागते. इथवर सुतारकाम. पुढची गोष्ट मात्र विलक्षण आहे. ही बसवलेली कंडरा बसवली त्या दिवशी जितकी बळकट असते, तितकी पुढे काही आठवडे राहत नाही. तिचा रक्तपुरवठा तुटलेला असतो. ती आधी दुबळी होते, आणि मग शरीर सावकाश तिला आपलीशी करून घेते. हे काम कित्येक महिने, कधी वर्षाहूनही अधिक चालते. दरम्यान सूज उतरते, दुखणे थांबते, आणि माणसाला वाटू लागते की आपण बरे झालो. अर्थात ज्या काळात त्याला आपला गुडघा उत्तम वाटतो त्याच काळात तो सर्वांत फसवा असतो. नऊ महिन्यांच्या आत मैदानात उतरू नये, असा आग्रह आता वैद्य धरतात तो याचसाठी.

यावरून मला असे दिसले की परत येण्याच्या तारखा दोन असतात. एक, वैद्य खेळायला परवानगी देतो ती. दुसरी, खेळाडू पूर्वीसारखा खेळू लागतो ती. पहिली वर्तमानपत्रात छापून येते, दुसरी कोणालाच आधी माहीत नसते. बार्कली 2021 च्या हंगामात मैदानावर होता. पण पूर्वीचा बार्कली 2022 साली 1,312 यार्ड धावून परतला, आणि 2024 मध्ये तर फिलाडेल्फियाकडून खेळताना त्याने 2,005 यार्डांची मजल मारली. चिरंजिवांचा माणूस चुकला नव्हता. वर्ष चुकले होते.

लोकांचा हिशेब बिघडवला आहे तो खरे म्हणजे एड्रियन पीटरसन या एका माणसाने. 24 डिसेंबर 2011 रोजी त्याचा गुडघा गेला. पुढच्या सप्टेंबरात तो पहिल्याच सामन्याला हजर. आणि त्या हंगामात 2,097 यार्ड धावला. एरिक डिकरसनचा 1984 सालचा 2,105 यार्डांचा उच्चांक अवघ्या आठ यार्डांनी वाचला. तेव्हापासून प्रत्येक शस्त्रक्रिया झालेल्या धावकाकडून लोक पीटरसनची अपेक्षा करतात, आणि ती पुरी झाली नाही की त्याला मोडीत काढतात. आमच्याकडे एखादा मुलगा दिव्याखाली अभ्यास करून न्यायाधीश झाला की आळीतल्या सगळ्या मुलांच्या कपाळी तो दिवा येतो, त्यातलाच हा प्रकार. शिवाय गुडघा कोणाचा, हेही पाहायला हवे. टॉम ब्रेडीचा गुडघा 2008 च्या पहिल्याच सामन्यात गेला. पुढल्या वर्षी तो पूर्ववत खेळू लागला. कारण त्याचे काम उभे राहून चेंडू फेकण्याचे. धावकाचे पोट हुलकावणीवर.

हॉलविषयी माझा सल्ला असा पडला: हंगामाच्या आरंभी संघ त्याला जपून वापरील, त्यांनी ऑगस्टातच डॅल्विन कुक हा दुसरा धावक आणून ठेवला आहे, तो उगाच नव्हे, तेव्हा पहिला महिना बुडीत धरावा, आणि त्या हिशेबाने स्वस्त मिळाला तर घ्यावा. तो चौथ्या फेरीत आमच्या वाट्याला आला. आमची सौ. शेजारी शेंगा सोलीत बसली होती. ती म्हणाली, "ज्याचा गुडघा त्याला दुखतोय, आणि तुम्ही बापलेक त्याच्या फेऱ्या कसल्या मोजताय?" आम्ही दोघेही हसलो.

11 सप्टेंबरच्या रात्री हॉल उतरला. चेंडू दहा वेळाच त्याच्या हाती आला, पण तो 127 यार्ड धावला. त्यातली एक धाव 83 यार्डांची! मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. शेवटच्या रेषेच्या अलीकडे मात्र मागून येऊन त्याला गाठले. "पूर्वी कोणी गाठू शकलं नसतं," चिरंजीव पुटपुटले. पुढच्या रविवारी डॅलसला चार वेळा चेंडू, नऊ यार्ड.

त्याच्या दुसऱ्या दिवशीची, 18 सप्टेंबरची रात्र मी विसरणार नाही. पिट्सबर्गला क्लीव्हलंडचा निक चब हा फार गुणी धावक खाली आला तो उठलाच नाही. 2015 साली विद्यार्थिदशेत त्याचा हाच गुडघा मोडला होता. प्रत्येक पडझड दहा कोनांतून दाखवणाऱ्या त्या प्रक्षेपणकर्त्यांनी हे दृश्य पुन्हा दाखवायचे नाकारले. दिवाणखान्यात क्षणभर कोणी बोलेना. आणि मग चिरंजिवांचा फोन थरथरू लागला. चबच्या जागी आता क्लीव्हलंडकडून कोण धावणार, त्याला आधी कोण उचलणार, याची चढाओढ लागली होती. चबला मैदानाबाहेर नेऊन पुरती पाच मिनिटेही झाली नसतील. ही सगळी मुले सुशील आहेत. त्यांतल्या दोघांच्या घरी मी जेवलो आहे. मी चिरंजिवांकडे पाहिले. त्यांनी फोन उलटा करून ठेवला, पण थोड्या वेळाने पुन्हा हातात घेतलाच.

त्या रात्रीचा परिणाम असा झाला की मी घाबरलो. 24 तारखेला हॉल बारा धावांत 18 यार्ड गेला, तेव्हा मी चिरंजिवांना म्हटले, "विकून टाक. हा गुडघा काही खरा नव्हे." ते म्हणाले, "बाबा, पहिला महिना बुडीत धरा असं तुम्हीच म्हणाला होतात." मी म्हटले, "बाजारात हट्टाला किंमत नसते." हे वाक्य मी वर्गात नेहमी वापरतो. त्यांनी वडिलांचा मान राखला आणि हॉल दुसऱ्याला देऊन टाकला.

8 ऑक्टोबरला जेट्स पुन्हा डेन्व्हरला गेले. हॉलवर आता कसलेही बंधन नाही, असे त्या आठवड्यात संघाने सांगून टाकले होते. ज्या मैदानावर त्याचा गुडघा तुटला त्याच मैदानावर तो 22 धावांत 177 यार्ड गेला. त्यातली 72 यार्डांची एक धाव थेट रेषेपलीकडे. या खेपेस मागून कोणी गाठले नाही. त्या हंगामात तो एकूण 994 यार्ड धावला, आणि शिवाय 76 वेळा चेंडू झेलून 591 यार्ड. हे सगळे गुण दुसऱ्याच्या खात्यावर गेले.

चिरंजीव मला एक अक्षर बोलले नाहीत. मला मात्र झोप येईना, आणि ती काही पन्नास डॉलरांसाठी नव्हे.

बारा-तेरा वर्षांपूर्वी मी आमच्या महाविद्यालयाच्या जिमखाना समितीचा अध्यक्ष होतो. मुलींच्या खो-खोच्या संघात तिसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी होती. हुलकावणी देण्यात तिचा हात धरणारी कोणी नव्हती. आदल्या वर्षी एका सामन्यात वळता वळता तिचा गुडघा गेला. हाच अस्थिबंध, हीच शस्त्रक्रिया. दहा महिन्यांनी ती वैद्याची चिठ्ठी घेऊन आली. आमचे क्रीडाशिक्षक अनुकूल होते. मी तिचे नाव बारा जणींच्या यादीतून खोडले. तिच्याच हितासाठी, असे मी सांगितले, आणि मला ते तेव्हा खरेही वाटत होते. स्पर्धेत काही झाले तर आई-वडिलांना उत्तर मला द्यावे लागेल, हा विचार मी त्या हिताच्या पोटात कुठे दडवला होता, हे शोधायची गरज मला भासली नाही. ती माझ्या खोलीत आली. रडली वगैरे नाही. तिने एवढेच विचारले, "सर, तुम्ही मला पळताना पाहिलंत का?"

मी पाहिले नव्हते. क्रीडांगण माझ्या खोलीपासून दोनशे पावलांवर होते, आणि ती महिनाभर रोज संध्याकाळी तिथे येत होती. मी तिला पदवी परीक्षेचा अभ्यास नीट करण्याचा उपदेश केला. त्या वर्षानंतर ती खो-खो खेळली नाही; खेळायला संघच उरला नव्हता.

हॉलची ती 83 यार्डांची धाव तर मी डोळ्यांनी पाहिली होती, आणि तरी दोन आकड्यांनी डगमगलो. त्याचे काही बिघडले नाही. त्याला मी कोण हेही ठाऊक नाही.

मी पुण्याला परतलो. चबही 2024 च्या ऑक्टोबरात मैदानावर परतला. त्या हंगामात तो 332 यार्ड धावला. त्याला कितव्या फेरीत घ्यावे असे चिरंजिवांनी मला विचारले होते, आणि मी उत्तर दिले नाही. तरी दर ऑगस्टात त्यांची गुडघेकऱ्यांची यादी येतेच. यंदा मी कळवले आहे की नावे नकोत, आकडे नकोत, आधी प्रत्येकाच्या धावण्याच्या चित्रफिती पाठव. आणि एकदा घेतलेला विकायचा झाला, तर मला विचारू नकोस, आईला विचार.