बिजलीची जोडी

आमची बिजली आता सवादोन वर्षांची झाली आहे आणि भेटेल तो एकच प्रश्न विचारतो, “जोडी कधी लावणार?” दूधवाला विचारतो, शाळेतला शिपाई विचारतो, नणंदेचे दीरही विचारतात. ‘कधी’ सगळ्यांना हवं असतं. ‘कशाला’ असं मात्र आजवर एकानेही विचारलेलं नाही.

बिजली कारवान जातीची आहे. लांब पाय, खोल छाती, आत ओढलेलं पोट, निमुळतं तोंड. कानांवर रेशमी झालर असली तर त्याच कुत्र्याला पश्मी म्हणतात. लातूर, सोलापूर, सांगली या पट्ट्यात ही कुत्री पिढ्यान्‌पिढ्या आहेत. सीमेपलीकडे बागलकोट जिल्ह्यात मुधोळ संस्थानाच्या नावाने ती मुधोळ हाउंड झाली. 2005 साली पोस्टखात्याने देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली, त्यात मुधोळचा मान होता.

मुसलमानाच्या घरात कुत्री कशी, हा प्रश्न काही वाचकांच्या मनात आलाच असेल, म्हणून आधी तोच मसला. बिजली घरात नाही, शेतावर आहे. शिकार, गुरंढोरं आणि शेतीची राखण यासाठी कुत्रा ठेवायला हदीसमध्ये मुभा आहे. आमच्या हरभऱ्यात रानडुकरं शिरतात तेव्हा ती मुभा किती विचारपूर्वक दिली आहे ते कळतं. सासूबाई नमाजाचे कपडे तिच्यापासून लांब ठेवतात, पण उरलेल्या भाकरीचा काला स्वतःच्या हाताने कालवतात. बिजली उंबऱ्यापाशी पाय पसरून बसते. असहाब-ए-कहफचा कुत्राही गुहेच्या तोंडाशी असाच बसला होता, असं त्याच मला ऐकवतात.

तर ‘कधी’. याचं उत्तर त्या मानाने सोपं आहे. कुत्री साधारण वर्षातून दोनदा माजावर येते. रक्त दिसू लागल्यापासून तीन आठवडे हा काळ चालतो. बहुतेक माद्या नवव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास नराला जवळ येऊ देतात. गाभण राहिल्यापासून सुमारे 63 दिवसांनी पिल्लं होतात. पण पहिल्याच माजाला जोडी लावायची नसते. मादीची स्वतःचीच वाढ तेव्हा पुरी झालेली नसते. 2017 च्या केंद्रीय नियमांतही मादी किमान 18 महिन्यांची हवी असं आहे. माजावर आली म्हणजे मोठी झाली, असं नसतं. हे वाक्य मी शाळेतल्या पालकसभांतही वेगळ्या शब्दांत बोलत असते, ते असो.

“एक वेत तरी होऊ द्या, तब्येत चांगली राहते,” असंही लोक सांगतात. यात तथ्य नाही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की वेत झाल्याने मादीचं आरोग्य सुधारत नाही. उलट पिल्लं नको असतील तर नसबंदी करावी, म्हणजे उतारवयात गर्भाशयात पू होण्याचा धोका टळतो. मात्र या जातीच्या अंगावर चरबी अगदी कमी असते, भूल जपून द्यावी लागते, म्हणून हात बसलेलाच डॉक्टर हवा.

मग शेजारच्या गावाहून निरोप आला. नर देखणा, चपळ, तीन वर्षांचा. मालक स्वतः येऊन बसले. “भाभी, पैसे नकोत. एक पिल्लू मला, बाकी सगळी तुमची.” आमच्या भागात हीच रीत आहे. चहा होईपर्यंत मी त्यांना नराची वंशावळ विचारत गेले आणि कळलं की बिजलीचा बाप तोच या नराचाही बाप. नात्यातली लग्नं आमच्याकडे होतात, पण ही तर एका बापाची लेकरं! त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. “जात शुद्ध राहते,” म्हणाले. अवघ्या पाच-सात गावांत तीच ती मोजकी कुत्री फिरवून शुद्ध राखलेली जात हळूहळू आतून पोखरते. लपलेले दोष दोन्ही बाजूंनी एकत्र येतात, पिल्लं कमी जगतात. मी नम्रपणे नाही म्हटलं. चहाचा कप तसाच ठेवून ते गेले.

त्यांच्या ‘पैसे नकोत’वर मी रात्री विचार करत राहिले. नराच्या जोडीचं मोल घेऊ नये, आणि कुत्र्याची किंमतही घेऊ नये, अशा दोन्ही अर्थांच्या हदीस बुखारीत आहेत. शाफई फिक्हमध्ये कुत्र्याची विक्री नाजायजच. आम्ही हनफी, आमच्याकडे राखणीच्या, शिकारीच्या, म्हणजे उपयोगी कुत्र्याच्या विक्रीला वाट आहे. ती वाट धरता आली असती. पण मी गंमत म्हणून हिशेबातून पैसा काढून पाहिला. एकाही पिल्लाचा एकही रुपया मिळणार नाही असं धरलं, तर बिजलीला पिल्लं हवीत का?

मग वहीचं पान वेगळंच दिसू लागलं. सहा-सात पिल्लं धरली तर दोन महिने त्यांचं खाणं, जंताचं औषध, पार्वोची लस. आठ आठवड्यांच्या आत कुणाला द्यायचं नाही. आणि द्यायचं कुणाला? मागणाऱ्यांची यादी मोठी होती. त्यातले तिघे तरुण सशांच्या मागे लावायला मागत होते. 1972 च्या वन्यजीव कायद्याने ती शिकार गुन्हा आहे, म्हणून ती तीन नावं गेली. दोघे पुण्यात, फ्लॅटमध्ये राहणारे. पळण्यासाठीच घडलेलं हे जनावर ते बाल्कनीत बांधणार. तीही गेली. एकाला दाराशी शोभेला हवं होतं. उरले मेंढ्या राखणारे एक धनगर मामा, माझा धाकटा भाऊ, आणि द्राक्षबागेवाले एक जण. तीन घरं. पिल्लं सहा.

माझे पती म्हणाले, “उरलेली आपण ठेवू.” शेत पाच एकर, रानडुकरं मोजकी आणि डाळीचे भाव त्यांनाच माहीत.

शेवटी असं ठरलं. या माजाला नाही. पुढच्या वेळेपर्यंत मुधोळकडचा, नात्यात नसलेला नर मिळाला, दोघांची ब्रुसेलाची तपासणी साफ निघाली आणि पाहून खात्री केलेली सहा घरं झाली, तर एक वेत. एकच. सहावं घर होईना, तर नसबंदीची तारीख घ्यायची. सासूबाईंनी पुढच्या माजाचा अंदाज घराच्या कॅलेंडरवर इस्लामी महिन्यात लिहून ठेवला आहे, रबीउल आखिर.

आज बाराव्या दिवशी गोठ्याच्या दाराला खालून पत्रा ठोकला आहे. बाहेर गावातली चार कुत्री बसलेली आहेत, त्यांना वंशावळीची काही पडलेली नाही. अजून नऊ दिवस.