ताशी २२ किलोमीटर

ज्या दिवशी आमच्या बोळात घंटागाडी आली नाही, नेमकी त्याच दिवशी ती आली होती, असा छापील कागद नगरपरिषदेत माझ्या हातात ठेवला गेला. वेळ सकाळी ७ वाजून ४२ मिनिटे, पॉइंटवर हिरवी खूण. आणि घरी जिन्याखाली ओल्या कचऱ्याची बादली भरलेली, झाकणावर माश्या. आरोग्य विभागातले साहेब त्या खुणेवर बोट ठेवून म्हणाले, "काका, माणूस खोटं बोलेल. मशीन कशाला बोलेल?" म्हणजे खोटं बोलणारा माणूस कोण, ते ओघानं आलंच. त्या वाक्याचा राग अजून गेलेला नाही.

थोडं आधीचं सांगतो. कृष्णाकाठचं आमचं तालुक्याचं गाव. चौकाचौकातल्या कचराकुंड्या स्वच्छ भारतच्या धामधुमीत उचलल्या गेल्या. मग सगळीकडे आल्या तशा आमच्याकडेही घंटागाड्या आल्या, ठेका निघाला, गाड्यांवर जीपीएस बसलं. २०१६च्या घनकचरा नियमांनी घरोघरचा कचरा वेगवेगळा गोळा करणं पालिकांवर बंधनकारक केलं. तेव्हा घरोघर गेलो हे दाखवायला काहीतरी हवंच होतं. ठेकेदाराचं बिल जीपीएसच्या अहवालावर निघायचं. जेवढं हिरवं तेवढं बिल. मला तर ही व्यवस्था फार आवडली होती. मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. गावात न शिरता बायपासनं परस्पर निघून गेलेल्या गाड्या आणि स्टँडवर ताटकळून माझ्यावर खेकसणारे प्रवासी, यांच्या मधोमध माझी नोकरी सरली. आपल्या वेळी हे यंत्र हवं होतं, असं मी घरात बोलूनही दाखवलं होतं.

तर, गाडी आली नाही आणि ठिपका मात्र हिरवा, हे कसं? मी वरच्या मजल्यावर कंट्रोल रूममध्ये गेलो. खोलीत भिंतीवर एक मोठा टीव्ही आणि समोर कंत्राटी ऑपरेटर. पोरगा भला होता. त्यानं नकाशा मोठा करून दाखवला. प्रत्येक गल्लीत एक पॉइंट ठरवलेला असतो आणि पॉइंटभोवती एक वर्तुळ. गाडी वर्तुळात शिरली की पॉइंट हिरवा. आमच्या वर्तुळाची त्रिज्या ५० मीटर. आता आमचा बोळ आत जातो तो जेमतेम तीस-पस्तीस मीटर, मग वाड्याची भिंत. म्हणजे पॉइंट बोळाच्या टोकाला असला तरी बाहेरचा हमरस्ता वर्तुळात येतोच. गाडी गाणं लावून हमरस्त्यानं सरळ निघून गेली, तरी यंत्राच्या लेखी ती आमच्या दारात येऊन गेली.

"मग हे साहेबांना माहीत नाही का?" मी विचारलं.

पोरगा हसला. "मला पॉइंटची यादी दिली, मी भरली. वर्तुळ केवढं ठेवायचं ते वरून आलं."

मी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. दहा रुपयांचा स्टँप लावला आणि त्या दिवशीच्या गाडीच्या सगळ्या नोंदी मागितल्या; नुसता अहवाल नको, नोंदी. मुदत संपता संपता कागद आले. दर दहा सेकंदांनी एक ओळ होती: वेळ, अक्षांश, रेखांश, आणि शेवटच्या रकान्यात वेग. ७ वाजून ४२ मिनिटांच्या ओळीपुढे २२. त्याच्या वरच्या ओळीत २४, खालच्या ओळीत २१. ताशी २२ किलोमीटर! गाडीला या वेगानं कचरा मिळतो कसा? आमच्या बादल्या काय खिडकीतून उडी मारून डब्यात बसतात?

मी तो कागद पुन्हा पुन्हा वाचत राहिलो. यंत्र खोटं बोललं नव्हतं. गाडी थांबली नाही, बोळात वळली नाही, हे सगळं त्यानं इमानानं लिहून ठेवलं होतं. साहेबांच्या टेबलावर जाणाऱ्या अहवालात मात्र वेगाचा रकानाच नव्हता. तो कुणी काढला? ठेकेदारानं म्हणावं तर अहवालाचा नमुना पालिकेनं मंजूर केलेला. पालिकेनं म्हणावं तर तो तयार करून दिला यंत्र पुरवणाऱ्या कंपनीनं. रकाना कुणी काढला हे मला आजतागायत कळलेलं नाही. विचारलं की प्रत्येक जण दुसऱ्या खोलीकडे बोट दाखवतो. लाखो रुपयांची बिलं त्या हिरव्या खुणांवर निघाली. आणि गाडी उभी होती की पळत होती, एवढा साधा प्रश्न विचारायची गरज कुणाला वाटली नाही. आमच्याकडे एसटीत पोराला नोकरीवर घेतल्यावर पहिल्या आठवड्यात हे शिकवायचे: गाडी थांब्यावरून गेली म्हणजे थांब्यावर थांबली असं नाही.

मी नोंदींवर लाल पेनानं खुणा करून मुख्याधिकाऱ्यांना अर्ज दिला. आश्चर्य म्हणजे तो ऐकला गेला. वर्तुळ ५० मीटरवरून १५ वर आलं आणि वर्तुळात गाडी काही वेळ थांबलीच पाहिजे अशी अट पडली. बोळात गाडी येऊ लागली. शेजारच्या आजी मला म्हणाल्या, "तुम्ही केलं हो!" छाती फुगली, खोटं कशाला सांगू.

मग एका सकाळी ड्रायव्हर गाडी बंद करून दारात उभा राहिला. घामाघूम.

"काका, मी काल तुमच्या बोळात आलो का न्हाई?"

"आलास की. मीच बादली दिली."

"मग ह्यांला सांगा. माझ्या नावावर लाल लागलंय. ठेकेदारानं पगारातनं कापलं."

पुन्हा वर गेलो. ऑपरेटरनं दाखवलं, गाडीचा ठिपका वाड्याच्या पलीकडे दुसऱ्याच घराच्या पत्र्यावर बसला होता. हे काही जगावेगळं नाही. उपग्रह वीस हजार किलोमीटरवर. जागा ठरवायला निदान चारांचा सिग्नल लागतो. मोकळ्या माळावर ठिपका काही मीटरच्या आत बसतो. पेठेतल्या बोळात दोन्ही बाजूंना उंच भिंती, वर पत्रे. सिग्नल आपटून, वळसा घेऊन येतो आणि ठिपका सरकतो. १५ मीटरचं वर्तुळ माळावर ठीक, आमच्या बोळात ते गाडीला चुकवतं. पालिकेनं दंड लावला ठेकेदाराला, ठेकेदारानं तो उतरवला ड्रायव्हरच्या अंगावर.

त्या दिवशी पहिल्यांदा मी त्याला विचारलं, की आधी तू आत का येत नव्हतास? तो म्हणाला, "मागं माणूस न्हाई ना, काका. बोळातनं रिव्हर्स काढायची, पोरं खेळत्यात, सांगायला कुणी न्हाई. एकदा कुणाला लागलं तर?" निविदेत गाडीवर दोन माणसं लिहिली आहेत, ड्रायव्हर आणि मदतनीस. प्रत्यक्षात एकच. तोच चालवणार, तोच उतरून ओला-सुका बघणार, तोच बादल्या ओतणार. दुसऱ्या माणसाचा पगार कुठे जातो, ते दाखवणारा ठिपका कुठल्याच पडद्यावर नाही.

मग मी एक वही केली. गाडी बोळात आली की त्यात वेळ लिहून सही करायची, एसटीच्या लॉगशीटवर करायचो तशी. ड्रायव्हर ती वही घेऊन गेला, तर साहेब म्हणाले, कुणाही नागरिकाची सही ग्राह्य धरता येत नाही, जीपीएस दाखवेल तेच. आधी यंत्रापुढे माझी तक्रार खोटी होती, आता माझी साक्ष खोटी.

नागपूर महापालिकेनं सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळं बांधली आणि कामगारांनी विरोध केला, ती बातमी वाचताना मी म्हणालो होतो, काम करणाऱ्याला भीती कशाची? आता ते तितक्या ठसक्यात म्हणवत नाही. पण जीपीएस काढून टाका म्हणणाऱ्यांतही मी नाही. इंदूरनं गाड्यांवर असंच लक्ष ठेवून २०१७पासून वर्षानुवर्षं स्वच्छतेत पहिला नंबर राखला. आमच्या बोळातही यंत्राच्या धाकानंच गाडी वळली, माझ्या सभ्य विनंत्यांनी नव्हे.

मला काय हवं ते लेखी दिलं आहे. अहवालात वेग आणि थांबा दोन्ही छापा. वर्तुळ गल्ली बघून ठरवा. सगळ्या गावाला एकच माप लावू नका. लाल ठिपका दिसला तर आधी ऑपरेटरनं फोन करून खात्री करावी, मग दंड. आणि तो ठेकेदाराच्या बिलातूनच जावा, ड्रायव्हरच्या पगाराला हात लावायचा नाही. गाड्यांचा नकाशा लोकांच्या मोबाइलवर उघडा ठेवा, म्हणजे भांडायला माझ्यासारखा रिकामटेकडा लागणार नाही.

आता नवी निविदा निघते आहे. तिच्यात म्हणे प्रत्येक दारावर क्यूआर कोडची पट्टी लागणार आणि कचरा घेताना ती स्कॅन करायची. ड्रायव्हरला सांगितलं, तर तो म्हणाला, शेजारच्या तालुक्यात पोरांनी सगळ्या पट्ट्यांचे फोटो काढून ठेवलेत, चहाच्या टपरीवर बसून स्कॅन होतंय. मी नव्या निविदेचा मसुदा मागवून वाचला. यंत्रांची पानंच्या पानं आहेत. गाडीवर दोन माणसं असावीत ही अटही आहे, एका ओळीची. ती जुन्या निविदेतही होती.