गुडघ्यापर्यंत पाणी

गेल्या शनिवारी रत्नागिरीला घरी गेलो होतो. ताईपण आली होती, सोबत आमचे पाच वर्षांचे भाचेसाहेब. संध्याकाळी भाट्याच्या किनाऱ्यावर गेलो. ताई आईशी गप्पा मारत सुरूच्या बनाजवळ बसली आणि साहेबांची जबाबदारी अस्मादिकांवर!

काजळी नदी समुद्राला मिळते ती खाडी इथंच. ओहोटीला तिथलं पाणी बाहेर ओढतं, हे लहानपणापासून डोक्यात बसलेलं. आम्ही खाडीपासून बरेच लांब होतो, तरी माझं आपलं सुरू, "पुढे जाऊ नकोस." तो गेला. "आता शेवटचं सांगतोय हं." आणखी पुढे. असं 'शेवटचं' मी चारदा सांगितलं. मग म्हटलं, "आत मगर आहे!" उत्तर आलं, "मामा, मगर नदीत असते."

तेवढ्यात लाट आली आणि तो आडवा झाला. नाकातोंडात पाणी. धावत जाऊन उचलला, पण माझे हात थरथरत होते. आणि मी काय केलं? त्याच्यावरच ओरडलो.

ताई आली. त्याचं डोकं पुसलं, तो शांत झाल्यावर म्हणाली, "पाणी गुडघ्यापर्यंत. त्यापुढे माझा हात धरूनच. ऐकलं नाहीस तर बाहेर बसायचं." बास, एवढंच.

पाच मिनिटांत पठ्ठ्याने तिच्याकडे बघत एक पाऊल पुढे टाकलंच. ती ओरडली नाही. गेली, हात धरून बाहेर आणलं. रडणं, पाय आपटणं, सगळं झालं. ती नुसती शेजारी बसून राहिली. दहा मिनिटांनी म्हणाली, "चल." नंतर तो स्वतःच वाकून पाणी कुठपर्यंत आलंय ते बघत होता!

प्रोग्रॅमने तीच वॉर्निंग चारदा दाखवली की आपण न वाचता ओके दाबतो. माझं 'शेवटचं' तसलंच होतं. मी घाबरून बोलत होतो, आणि पोरांना ते बरोबर कळतं.

घरी येताना 'श्यामची आई' आठवली. साने गुरुजींचं पालगड आमच्याच जिल्ह्यातलं. १९३५ सालच्या त्या पुस्तकातली आई, पोहायच्या भीतीने लपलेल्या श्यामला मारून विहिरीवर पाठवते. तो मार मला आज पटत नाही. पण ती बोलल्याप्रमाणे करते आणि नंतर मायेने जवळही घेते. ताईने छडी तेवढी वगळली.

रविवारी परत किनाऱ्यावर. यावेळी मी एकदाच सांगितलं. खरं सांगायचं तर आतून धाकधूक होतीच. साहेब गुडघाभर पाण्यात थांबले, मागे वळले आणि म्हणाले, "मामा, हात दे ना. पुढे जायचंय."