बुऱ्हाणपूर 'निमाड'मध्ये सापडतं

नात पुण्यात एम.ए. करते. लघुप्रबंधाला तिने आपला कुंडी भंडारा घेतलाय. परवा फोन आला, "आजोबा, बुऱ्हाणपूरवर काही मिळतच नाही, सर म्हणतात विषय बदल." मला राहवेना. गुडघ्यांमुळे कुठल्या लायब्ररीत जाणं आता होत नाही, पण विद्यापीठांच्या ग्रंथसूची घरबसल्या मोबाईलवर दिसतात.

बँकेत एखाद्या बाईचं जुनं खातं सापडलं नाही, की आम्ही आधी माहेरचं नाव विचारायचो. इथंही तेच! आपलं गाव फारुकींच्या काळी खानदेशची राजधानी, इंग्रजी अमलात निमाड जिल्ह्यात, पुढे पूर्व निमाड म्हणजे खंडव्यात. स्वतंत्र जिल्हा झाला तो २००३ साली. 'निमाड' टाकलं तेव्हा कुठे रसेलचं १९०८चं गॅझेटियर आलं. भंडाऱ्याला कुणी 'कुंडी' लिहितं, कुणी 'खूनी'. दोन्ही टाकायचं, शिवाय 'खानखाना'ही.

पीएच.डी.चे प्रबंध 'शोधगंगा'वर फुकट वाचता येतात. महागडी जर्नल्स मात्र विद्यापीठाच्या लॉगिनशिवाय उघडत नाहीत (आमच्या लॉकरसारखंच, दोन किल्ल्या लागतात). म्हणून मी नुसती नावं उतरवून पाठवतो, ती तिकडून काढते. एकवीस झाली.

सरांनी दिवाळीपर्यंत मुदत दिलीय. तुमच्यापैकी कुणाच्या ट्रंकेत भंडाऱ्याचे जुने फोटो, नगरपालिकेचे कागद असतील तर कळवा. ते कुठल्याच सूचीत नाहीत.