गॅस कटर की पाना?

बीकेसीतल्या आमच्या ऑफिसमधून निघून सीएसटी रोडला लागलं, की थोड्याच वेळात दुनिया बदलते. इकडे काचेच्या बिल्डिंगा, कॉफीचे मग आणि गळ्यात आय-कार्ड. तिकडे कुर्ल्यात दुकानाबाहेर टांगलेले हेडलाइट, दरवाजांच्या चळती आणि फूटपाथवर ओळीने मांडलेली इंजिनं. जळक्या ऑइलचा वास नाकात शिरला की समजायचं, आलो!

गेल्या शनिवारी मी आणि बाबा इथे इंजिन बघायला गेलो. म्हणजे बघायला मी, आणि नाक मुरडायला बाबा.

प्रकरण असं, की आमच्या घरी आजोबांची १९७१ ची फियाट ११०० डी आहे. १०८९ सीसी, चार सिलिंडर, चाळीसेक हॉर्सपॉवर आणि स्टिअरिंगखाली हँड गिअर. जूनमध्ये लोणावळ्याला निघालो, तर खोपोली सोडल्यावर बोरघाटातच बाईसाहेबांनी बसकण मारली. रेडिएटर उकळलेला, मागून निळा धूर. निळा धूर म्हणजे पिस्टनच्या रिंगा झिजल्या आणि इंजिन पेट्रोलसोबत ऑइलही पितंय.

तिथेच मी ठरवून टाकलं. नवं इंजिन बसवायचं! रोज ऑफिसला न्यायची. ईएमआयची कटकट नाही, वर पार्किंगमध्ये सगळ्यांच्या माना वळणार. प्लॅन एकदम झक्कास.

कुर्ल्यातल्या चाचांनी तो आणखी झक्कास केला. "ॲक्सिडेंटच्या गाडीतलं इंजेक्शनवालं इंजिन देतो. पाच गिअर. एसी पण बसेल. घाटात धापा टाकणं विसरून जा." माझा हात खिशाकडे गेलाच होता.

बाबांनी एवढंच विचारलं, "कापायला काय काय लागेल?"

चाचा सरळ माणूस. बोटं मोजत सांगायला लागले. आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांचं इंजिन आडवं बसतं आणि पुढची चाकं फिरवतं. आमच्या फियाटचं उभं, आणि ते मागची चाकं फिरवतं. म्हणजे आधी तसलं इंजिन शोधा. मग जुनी माउंटिंग कापा, प्रॉपेलर शाफ्ट छोटा-मोठा करा, गिअरबॉक्ससाठी खालचा पत्रा कापा आणि हँड गिअरला रामराम ठोका. ब्रेकही बदला, कारण चारही चाकांना जुने ड्रम. गाडी पळायला लागली तर थांबायलाही हवी ना! वर आरटीओची परवानगी आणि आरसीवर नवा इंजिन नंबर.

एक गोष्ट मला माहीत होती, पण मी ती सोयीस्कर विसरलो होतो. २०२१ च्या नियमांप्रमाणे ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपातली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते आणि नंबर प्लेटवर 'व्हीए' मिरवता येतं. चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार केला, की तो मान गेला. आणि मान हवा असेल, तर ती गाडी रोज ऑफिसला न्यायची नसते! म्हणजे प्रश्न इंजिनाचा नव्हताच मुळी. गाडी कशाला हवी, हा होता.

विचार करायला टपरीवर कटिंग मागवला. बाबा म्हणाले, "आपली गाडी याच कुर्ल्यातली. प्रीमियरचा कारखाना इथेच होता." मी मान वर करून पाहिलं. आता तिथे टॉवर आहेत. हिचीच पुढची बहीण पद्मिनी, मुंबईची काळी-पिवळी. टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी २००३ च्या ऑक्टोबरात नोंदली गेली. २० वर्षांची मुदत संपली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून तीही रस्त्यावरून गेली. तिचे काही पार्ट मात्र चाचांच्या फळीवर अजून होते.

कप खाली ठेवत बाबा म्हणाले, "हे बघ, पान्याने उघडलेलं पान्याने परत बसतं. गॅस कटर चालला, की परतीचा रस्ता बंद."

झालं! यापुढे मी काय बोलणार?

तर मंडळी, आमचं इंजिन सध्या रिबोअरला गेलंय. झिजलेले सिलिंडर घासून किंचित मोठे होणार, त्यात ओव्हरसाइज पिस्टन आणि नव्या रिंगा बसणार. रेडिएटर साफ करून घेतोय. पेट्रोलच्या रबरी नळ्याही बदलतोय, कारण आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुन्या रबराला ते मानवत नाही. यातलं काहीच कापाकापीचं नाही. उद्या माझा विचार बदलला, तरी गाडी जिथल्या तिथे असेल.

एसी नाही, पाचवा गिअर नाही. ऑफिसला मी अजून लोकलनेच लटकत जातो. पण थंडी पडली की एका रविवारी पहाटे आम्ही पुन्हा बोरघाट चढणार आहोत. बाबा स्टिअरिंगवर, गाडी सेकंड गिअरमध्ये. मागून हॉर्न वाजवणाऱ्यांनो, त्या दिवशी जरा दमानं घ्या!