पटावरचे साहस

खेळाचा पट निवडताना पेटीकडे न पाहता खेळणाऱ्यांकडे पाहावे, हे शहाणपण आम्हांस तिसऱ्या पेटीनंतर सुचले. पहिल्या दोन पेट्यांचा त्यात दोष होता असे मात्र नव्हे.

गेल्या दिवाळीत आमचे वडीलबंधू दादा महिनाभर आमच्याकडे राहावयास आले. त्यांना अलीकडे फार कमी ऐकू येते. यंत्र कानाला लावले की गलका तेवढा वाढतो, अर्थ वाढत नाही, अशी त्यांची तक्रार. चार माणसे एकदम बोलू लागली म्हणजे ते आधी हसून मान हलवितात, मग वर्तमानपत्र उघडतात आणि शेवटी मुकाट्याने आपल्या खोलीत जाऊन बसतात. रात्रीच्या जेवणानंतर त्यांना आमच्यांत धरून ठेवील असे काही तरी हवे होते. पत्त्यांचा आमच्या कुटुंबास तिटकारा, बुद्धिबळ दोघांचेच. अद्भुतरम्य गोष्टींची गोडी मात्र घरात सर्वांना. नाथमाधवांची ‘वीरधवल’ कादंबरी लहानपणी दादांनीच आम्हांस वाचून दाखविली होती, आणि त्यांची नऊ वर्षांची नात सध्या टोल्किनच्या ‘हॉबिट’मध्ये बुडालेली. तेव्हा राक्षस, मांत्रिक आणि गुप्तधन यांचाच खेळ आणावा असे ठरले. आमच्या भाच्यापाशी अशा पेट्यांचे कपाटच आहे.

पहिली पेटी ‘टॅलिस्मन’ची. हा खेळ इंग्लंडात १९८३ साली निघाला. पटावर एकात एक असे तीन प्रदेश. फासा टाकावा, डावीकडे की उजवीकडे जायचे ते ठरवावे, घरात पडलेले पत्रक उचलावे आणि त्यावरील संकट सोसावे. बळ आणि विद्या कमावीत आत शिरावयाचे, ताईत मिळवून अग्नीची दरी ओलांडावयाची आणि मधला मुकुट गाठावयाचा. नियम सोपे, पत्रके मोठी रंजक. आमच्या कुटुंबाचे पात्र एका शापाने बेडूक झाले, तेव्हा नात हसूनहसून लोळली. पण बेडकास एका वेळी एकच घर पुढे जाता येते, आणि जवळचे सारे सामान तेथेच टाकावे लागते! दुसऱ्यांदा बेडूक होताच सौभाग्यवती विरजण लावण्यासाठी उठल्या त्या परतल्या नाहीत. साडेअकराच्या सुमारास भाचा मुकुटावर जाऊन बसला व तेथून एकेकाचे प्राण हरण करू लागला. नात रडली. दादा तर केव्हाच निजावयास गेले होते. ज्या खेळात हरलेल्यास जिंकणाऱ्याचा पराक्रम तासभर पाहत बसावे लागते, तो हौशी मंडळींत चालेल, घरात नव्हे.

दुसरी पेटी ‘हीरोक्वेस्ट’ची, १९८९ सालची, २०२१ साली ती पुन्हा निघाली. हिच्यात रानटी योद्धा, बुटका, एल्फ आणि मांत्रिक हे चौघे एका पक्षाचे, आणि दुष्ट जादूगाराची भूमिका एकाने पत्करावयाची. पट रिकामा असतो. दार उघडले की जादूगाराने त्या दालनातील मेजे, पेटारे आणि राक्षस मांडावयाचे. कल्पना फार सुंदर. जादूगार अर्थात आम्ही झालो, आणि तीस वर्षांच्या सवयीने प्रत्येक मोहिमेची प्रस्तावना व्याख्यानासारखी वाचू लागलो. तिचा एक शब्दही दादांच्या कानी पडला नाही. शिवाय सारे एका पक्षाचे असल्यामुळे भाच्याने आपण होऊन सेनापतिपद घेतले. “मामा, येथे उभे राहा, आता कवटीचे फासे टाका,” असे तो खुणांनी सांगे आणि दादा निमूटपणे फासे टाकीत. तिसऱ्या दालनात त्यांनी वर्तमानपत्र उघडले. सहकार्याच्या खेळात एकाने विचार करावा व इतरांनी हमाली करावी, असे होण्यास फार वेळ लागत नाही. कचेरीत हा अनुभव आपण घेतोच. तो घरी विकत कशास आणावा?

तिसरी पेटी ‘डंजन!’ उद्गारचिन्ह नावातच आहे. डेव्हिड मेगॅरी यांचा हा खेळ १९७५ साली अमेरिकेत प्रथम प्रसिद्ध झाला आणि २०१२ साली नव्या रूपात आला. भाच्याने तो जरा संकोचानेच दिला. त्याच्या मंडळींत हा पोरखेळ समजला जातो. भुयाराचे सहा मजले. जितके खोल जावे तितका राक्षस भयंकर आणि धन मोठे. एका खेपेस पाच घरांपर्यंत चालावे. राक्षसाच्या पत्रकावर प्रत्येक पात्रासाठी एक आकडा असतो; दोन फाशांची बेरीज तितकी किंवा अधिक झाली की राक्षस मेला. बोलावे लागत नाही, ऐकावे लागत नाही, सारे डोळ्यांपुढे. दारावरची घंटा वाजली म्हणून उठून गेलेला माणूस परत येऊन बसला तरी कोठे आहोत हे त्यास विचारावे लागत नाही. सोपा खेळ म्हणजे आमच्या मते हाच.

आम्हांस विशेष आवडली ती त्यातील विषम न्यायाची युक्ती. चोर आणि धर्मोपदेशक दुबळे, म्हणून त्यांनी १०,००० मोहरांचे धन घेऊन मुख्य दालनात परतले की पुरे. योद्ध्यास २०,००० हवेत आणि मांत्रिकास ३०,०००. नऊ वर्षांची चोर आणि अडुसष्ट वर्षांचा योद्धा एका पटावर लाज न वाटता बसू शकतात. दैवाचा वाटा मोठा आहे, हे खरे. पण आमच्या जुन्या मोक्षपटात दैवावाचून दुसरे होते काय? सापाने गिळले म्हणून आमची आजी कधी रुसली नाही.

सलग नऊ रात्री आम्ही तो पट मांडला. वर्तमानपत्र सकाळपुरतेच उरले. एका रात्री दादांच्या योद्ध्यापाशी वीस हजार पुरे झाले. मुख्य दालन दोन खेपांवर होते. नात ओरडून सांगू लागली, “आजोबा, परत फिरा, तुम्ही जिंकता आहात!” त्यांना ते ऐकू आले नाही, असे प्रथम आम्हांस वाटले. तिने त्यांचा हात धरून दालनाकडे बोट दाखविले. दादांनी मान हलविली.

“सहावा मजला अजून पाहिला नाही,” ते म्हणाले, आणि त्यांनी आपले प्यादे खाली वळविले.