टाच की हनुवटी

सकाळी पलंगावरून उतरून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत खिळा ठोकल्यासारखी कळ यायची. दहा पावलं चालल्यावर कमी, पुन्हा बसून उठलं की तेच. तीस वर्षं फळ्यासमोर उभी राहिले, पायात कायम सपाट तळाच्या कोल्हापुरी चपला. कोल्हापुरातल्या रंकाळा तलावावरची फेरी बंद पडली तेव्हा कुठं मी दुखणं मनावर घेतलं.

त्यातच भाचीचं लग्न दीड महिन्यावर आलं. धाकटी बहीण म्हणाली, "ताई, हनुवटीखाली बघ की किती लोंबतंय. हायफू करून घे. मी नंबर काढून देतो." (आमच्याकडं बायकाही 'देतो', 'जातो'च म्हणतात.) बाजूला टाकलेले पैसे मात्र एकाच कामापुरते होते.

हायफूची चौकशी करायला दोघी राजारामपुरीतल्या एका सौंदर्य क्लिनिकमध्ये गेलो. "सुई नाही, टाका नाही, फक्त ध्वनिलहरी," समोरची मुलगी म्हणाली. पोटाची चरबीही लहरींनीच उतरते म्हणे. दोन्हींचं मिळून पॅकेज! लहर नेमकी किती खोल जाते, असं विचारलं. "आत," ती म्हणाली.

बाहेर पडताना मला सोनोग्राफी आठवली; तीही ध्वनिलहरींचीच. लक्ष्मीकांत देशमुख जिल्हाधिकारी असताना गर्भलिंगनिदान रोखण्यासाठी आपल्या जिल्ह्यात त्या मशिनांना तपासणी टिपून ठेवणारे 'सायलेंट ऑब्झर्व्हर' जोडले गेले होते. पोटावर फिरणाऱ्या लहरीवर एवढा पहारा, आणि तोंडावर फिरणाऱ्या लहरीबद्दल मी एक प्रश्न विचारला तर हे उत्तर.

मग त्वचारोगतज्ज्ञांकडं गेले. त्यांनी सरळ सांगितलं. हायफूत भिंग धरून ऊन एका ठिपक्यावर आणावं तशा लहरी त्वचेखाली दीड, तीन किंवा साडेचार मिलिमीटरवर एकवटतात. तिथं साठ अंशांच्या वर चटका बसतो आणि तो भरून काढताना शरीर नवं कोलॅजन तयार करतं. खोली चुकली तर भाजतं, नसही दुखावते. "लग्न कधी आहे?" त्यांनी विचारलं. दीड महिन्यानं, म्हटलं. "फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात." हनुवटीचा विषय तिथंच मिटला. मी शहाणपणानं टाच निवडली असं लोकांना सांगते, पण खरं कारण पंचांग!

टाचेवरही आधी एका ठिकाणी आठ दिवस जेल लावून अल्ट्रासाउंड घेतला होता. गुदगुल्या झाल्या, बाकी काही नाही. दुसऱ्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी शॉकवेव्ह सुचवली. ही लहर गुणगुणणारी नव्हे, ठोसा मारणारी. तिचा जन्म विमान बनवणाऱ्या डॉर्निए कंपनीच्या संशोधनातून झाला. १९८० साली म्युनिकमध्ये तिनं पहिल्यांदा माणसाचा मूतखडा फोडला, तोही पेशंटला पाण्याच्या टबात ठेवून. टाचेवरचं मशिन तिचं साधं भावंड: दाबलेल्या हवेनं नळीतला गोळा पुढच्या टोकावर आदळतो आणि तो दणका आत जातो.

रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का, हे बाईंनी आधी विचारलं. मग जवळजवळ दोन हजार ठोके. मी पलंगाची कड घट्ट धरली. पडद्यापलीकडं खांद्याला तसंच मशिन लावलेला तालमीतला एक पैलवान "आई गं" म्हणून ओरडला, तेव्हा मला जरा बरं वाटलं. आठवड्याला एक, अशा तीन खेपा. "मशिनवर विसंबू नका, पोटरी ताणायचा व्यायाम चुकवायचा नाही, आणि मऊ तळाचे बूट घाला," बाईंची ताकीद होती.

लग्नापर्यंत कळ निम्म्यावर आली होती, पूर्ण गेली नव्हती. अक्षतांना उभी राहिले, पंगतीत वाढलंसुद्धा. आठवड्यानं फोटो आले. बहिणीनं माझा फोटो बोटांनी मोठा करून हनुवटी दाखवली. "बघ, सांगत होतो नव्हं?"

मी तोच फोटो खाली सरकवला. पैठणीच्या काठाखाली पांढरेशुभ्र स्पोर्ट्स शूज.